प्रेसच्या पॉवर पॅकचे फिल्टर: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम हातात आलं. उभा हायड्रॉलिक प्रेस आणि त्याला दाबाचं तेल पुरवणारा पॉवर पॅक (पंप, टाकी, फिल्टर यांचा संच). सिलिंडर २०० मिमी बोअर, १४० मिमी रॉड, ८०० मिमी स्ट्रोक. कामाचा दाब २१० बार, म्हणजे साधारण ६७ टन जोर. पंप अ‍ॅक्सियल पिस्टन, १५० लिटर/मिनिट. टाकी ६०० लिटर, तेल व्हीजी ४६ (ही घट्टपणाची श्रेणी).

तक्रार जुनीच: प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (विजेच्या सिग्नलच्या प्रमाणात तेल सोडणारा) अडकतो, सकाळच्या पहिल्या तासात जास्त. काढून धुतला की काही दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच. उत्पादन विभागाने उपायही सुचवून ठेवलाय: "प्रेशर लाइनला ३ मायक्रॉनचा फिल्टर टाका." तो टाकणं अवघड नाही. पण कचरा येतो कुठून हे न बघता बारीक एलिमेंट (फिल्टरच्या आतला गाळणारा, बदलता येणारा भाग) लावलं, तर ते भराभर चोक होईल आणि एक दिवस कुणीतरी वैतागून रिकामंच हाउसिंग बंद करून ठेवेल. आधी मोजून घेऊ.

सध्या काय आहे: टाकीच्या आत सक्शनला १२५ मायक्रॉनची जाळी. रिटर्नला एक फिल्टर, पाटीवर "१० मायक्रॉन, १६० लिटर/मिनिट, बायपास १.७ बार". बायपास म्हणजे दाबाचा फरक तेवढा झाला की उघडून तेल न गाळताच पुढे सोडणारी झडप. प्रेशर लाइनला काही नाही. झाकणावरचा ब्रीदर (टाकीत हवा आत-बाहेर जाण्याची वाट) म्हणजे पत्र्याची टोपी आणि आत स्पंजचा तुकडा. रिटर्न फिल्टर चोक झाल्याचं सांगणाऱ्या इंडिकेटरची वायर काढून टेप गुंडाळलेली. विचारलं तर फिटर काका म्हणाले, "अहो, तो उगाचच लाल व्हायचा, मशीन थांबवायचा." हे लक्षात ठेवायचं.

६ नोव्हेंबर

तेलाचा नमुना घेतला. टाकीच्या तळाच्या नळातून नाही. तिथे बसलेला गाळ येतो आणि आकडा कशाचाच राहत नाही. रिटर्न लाइनवर फिल्टरच्या आधी मिनीमेस पॉइंट (नमुना घ्यायची छोटी जोडणी) होता, मशीन चालू आणि तेल गरम असताना तिथून घेतला. पहिलं अर्धा लिटर तेल वेगळ्या डब्यात सोडलं, मग प्रयोगशाळेने दिलेली स्वच्छ बाटली उघडली, भरली, लगेच झाकली.

निकाल: आयएसओ ४४०६ प्रमाणे २१/१९/१६. तिन्ही आकडे एका मिलिलिटरमधले कण सांगतात: पहिला ४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचा, दुसरा ६ पेक्षा मोठ्या, तिसरा १४ पेक्षा मोठ्या. आकडा एकने वाढला की कण दुप्पट. २१ म्हणजे मिलिलिटरमागे १०,००० ते २०,००० कण, १६ म्हणजे ३२० ते ६४०. प्रपोर्शनल व्हॉल्व्ह आणि या दाबाचा पिस्टन पंप, दोघांसाठी १८/१६/१३ धरतोय. तीन पायऱ्या खाली, म्हणजे कण आठपट कमी करायचे.

बाटली उजेडात धरली तर तेल अगदी नितळ. सुपरवायझर साहेबांनी तेच बोट दाखवून सांगितलं. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही आणि व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा (स्पूल) व त्याच्या बोअरमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची. फटीएवढे किंवा थोडे लहान कणच जास्त त्रास देतात. स्पूल दाबाखाली एका जागी थांबला की फटीतून गळणारं तेल हे कण तिथे आणून ठासतं, आणि पुढचा सिग्नल आला की स्पूल हलायला मागत नाही. व्हॉल्व्ह धुतल्यावर बरा होतो तो यामुळेच, आणि परत बिघडतो तोही यामुळेच.

गरम तव्यावर तेलाचे थेंब टाकून पाहिले. तडतड नाही. म्हणजे मोकळं पाणी तरी नाही. पाण्याचा विषय तूर्त बाजूला.

९ नोव्हेंबर

आज कागद-पेन्सिल. रिटर्न फिल्टर १६० लिटर/मिनिटचा, पंप १५० चा. ज्याने निवडला त्याला १० लिटर शिल्लक दिसले असणार. पण रिटर्नला पंपाएवढंच तेल येतं हे सिलिंडरऐवजी हायड्रॉलिक मोटर असेल किंवा सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना रॉड असेल तेव्हाच खरं.

पिस्टनची पूर्ण बाजू ३१४ चौ. सेमी. रॉडच्या बाजूची कडी १६० चौ. सेमी. गुणोत्तर १.९६. रॅम (सिलिंडरचा खाली-वर होणारा रॉड) वर उचलताना पंप १५० लिटर/मिनिट रॉडच्या बाजूला ढकलतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात १५० × १.९६ = २९४ लिटर/मिनिट. हे सगळं त्या १६० च्या फिल्टरमधून जातं.

पुढचं गणित दाबाचं. कॅटलॉगप्रमाणे १६० लिटर/मिनिट, ३० सेंटीस्टोकला (तेलाच्या घट्टपणाचं एकक) स्वच्छ एलिमेंटवर ०.२५ बार आणि हाउसिंगमध्ये ०.१५ बार दाब पडतो. एलिमेंटमधला दाब प्रवाहाच्या आणि तेलाच्या घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. हाउसिंगमधला प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे, घट्टपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यामुळे दोन्ही वेगवेगळे मोजायचे, एकत्र करून गुणायचे नाहीत.

२९४ लिटर/मिनिटला, तेल ५० अंशांवर असताना (व्हीजी ४६ तेव्हा ३० सेंटीस्टोकच्या आसपास): एलिमेंट ०.४६, हाउसिंग ०.५१. एकूण ०.९७ बार. बायपास १.७ ला. एलिमेंट नवं आहे तोवर ठीक. अर्धं भरलं की संपलं.

तेल २० अंशांवर असताना, म्हणजे साधारण १३० सेंटीस्टोक: एलिमेंटवरच २ बार, हाउसिंगचे ०.५. एकूण २.५ बार.

म्हणजे सकाळी थंड तेलावर अगदी कोरं एलिमेंट असलं तरी रॅम वर जाताना दर वेळी बायपास उघडतोच. आणि बायपासमधून नुसतं न गाळलेलं तेल जात नाही. झडपेची जागा साचलेल्या गाळाजवळ असेल तर आधी अडवलेला कचराही सोबत टाकीत जातो.

१० नोव्हेंबर

गणित कागदावर राहू नये म्हणून हाउसिंगच्या आधी आणि नंतर गेज लावले. पहाटेची पाळी सुरू होताना उभा राहिलो. रॅम खाली येताना फरक अर्ध्या बारच्या आत. वर जाताना काटा दोनच्या पुढे गेला आणि तिथेच थरथरत राहिला; बायपास उघडल्यावर काटा तसाच वागतो. तेल गरम झाल्यावर दुपारीही वर जाताना १.५ च्या आसपास, कारण एलिमेंट आता नवं नाही.

दाबून झाल्यावर दाब सोडण्याच्या क्षणी आणखी एक झटका बसतो. २१० बारला दाबलेलं तेल एकदम मोकळं होतं, तेवढ्यापुरता प्रवाह कुठल्याही हिशेबाच्या बाहेर असतो. फिल्टरची चाचणी स्थिर प्रवाहावर होते. प्रवाह असा धक्के देत आला की पकडलेले बारीक कण एलिमेंट पुन्हा सोडतं. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डवर दाब सोडण्याचा उतार लांबवता येतो; कंट्रोलवाल्यांना सांगितलंय.

इंडिकेटर "उगाच" लाल होत नव्हता. बायपास उघडतोय हेच तो सांगत होता. थंड तेलामुळे खोटी सूचना येते हे खरं, पण त्यावर उपाय तापमानाचा लॉक असलेला इंडिकेटर. वायर काढणं हा नव्हे.

१४ नोव्हेंबर

जुनं एलिमेंट काढून कापलं. हॅकसॉ वापरायचा नाही, त्याचा स्वतःचाच लोखंडी चुरा आत पडतो आणि मग कुठला चुरा कुणाचा ते कळत नाही. वरची जाळी कातरीने कापली, कागद धारदार सुरीने दोन्ही टोकांना सोडवून उलगडला.

घड्या एका बाजूला गोळा होऊन एकमेकींना चिकटलेल्या. बाकीच्या जागी कागद उघडा. प्रवाह झेपत नव्हता त्याची ही खूण. कचऱ्यात तीन प्रकार. राखाडी बारीक धूळ, बोटांत चोळली तर करकरते, चुंबकाला चिकटत नाही: बाहेरची धूळ. काळे मऊ तुकडे: सिलिंडरच्या वायपर सीलचे (रॉडवरची धूळ पुसणारं सील), ते सील बघितलं तर ओठ फाटलेला. आणि थोडे पितळी चमकणारे ठिपके. हे ठिपके पाहून पोटात गोळा आला, कारण पिस्टन पंपात ब्राँझ असतं ते आतल्या घासणाऱ्या भागांत, स्लिपर आणि व्हॉल्व्ह प्लेटपाशी. प्रमाण अजून कमी आहे. पंपाच्या ड्रेन लाइनचा (पंपाच्या आत गळणारं तेल बाहेर नेणारी) वेगळा नमुना घेणार.

सर्वात जास्त काय, तर धूळ. म्हणजे तेल आतून खराब होतंय त्यापेक्षा बाहेरून जास्त येतंय.

१५ नोव्हेंबर

ब्रीदरचा हिशेब. रॅम पूर्ण खाली आला की टाकीतली पातळी रॉडच्या घनफळाएवढी उतरते: १५४ चौ. सेमी × ८० सेमी, म्हणजे १२.३ लिटर. तेवढी हवा दर फेरीला आत. मिनिटाला एक फेरी धरली तर तासाला साडेसातशे लिटरच्या जवळ हवा त्या स्पंजमधून टाकी ओढते. शेजारी ग्राइंडिंग चालतं.

३ मायक्रॉनचा, सिलिका जेल असलेला ब्रीदर मागवला. निवडताना हवेचा सर्वात मोठा क्षणिक प्रवाह बघितला, सरासरी नाही. रॅम खाली येताना पातळी उतरण्याचा वेग मिनिटाला ७४ लिटरच्या आसपास (पंपाचे १५० वजा परत येणारे ७६). त्याच्या बऱ्याच वरचा घेतला. टाकीच्या झाकणाला गॅस्केट नव्हतं आणि पाइप आत जातात ती भोकं उघडी होती. ती बंद केल्याशिवाय ब्रीदरला अर्थ नाही. हवा सोपी वाट धरते.

वायपर सील बदललं.

२० नोव्हेंबर

पुरवठादाराचे प्रतिनिधी आले होते. त्यांचं म्हणणं, "१० मायक्रॉन म्हणजे १० मायक्रॉन, कागदाचं घ्या, स्वस्तात पडेल." जुन्या एलिमेंटवर "१० मायक्रॉन" एवढंच छापलंय. त्याला काही अर्थ नाही. दहापेक्षा मोठे निम्मे कण अडवणाराही स्वतःला १० मायक्रॉनचा म्हणवून घेऊ शकतो.

विचारायचं ते बीटा. फिल्टरच्या आधीचे कण भागिले नंतरचे कण, आयएसओ १६८८९ च्या मल्टीपास चाचणीत मोजलेले. बीटा २ म्हणजे दोनातला एक सुटतो. बीटा ७५ म्हणजे हजारातले १३ सुटतात, बीटा २०० म्हणजे ५, बीटा १००० म्हणजे १. टक्क्यांत ९९.५ आणि ९९.९ शेजारी-शेजारी वाटतात, पण सुटणारे कण पाचपट. आकड्यासोबत मायक्रॉनपुढे कंसात "सी" आहे का तेही बघायचं. तो १९९९ नंतरच्या कॅलिब्रेशनचा आकडा. जुन्या कॅटलॉगचा १० आणि नवा १० (सी) एकाच पट्टीने मोजलेले नाहीत.

आणखी एक प्रश्न विचारला: किती दाबाच्या फरकापर्यंत हा बीटा टिकतो? उत्तर "कळवतो" असं आलं.

ठरलं असं:

रिटर्नला मोठं हाउसिंग. काचतंतूचं एलिमेंट, १० मायक्रॉन (सी) ला बीटा १०००. आकार निवडताना २९४ लिटर/मिनिट आणि ५० अंशांवर स्वच्छ एलिमेंटसह एकूण फरक ०.४ बारच्या आत, असं धरलं. बायपास ३.५ बारचा घ्यावा असा मोह झाला होता, पण पंपाचा ड्रेन याच रिटर्नला जोडलेला होता आणि मागचा दाब वाढला तर शाफ्ट सील जातं. म्हणून १.७ चाच ठेवला आणि ड्रेन वेगळा काढून सरळ टाकीत, तेलाच्या पातळीखाली नेला. मोठ्या एलिमेंटचा आणखी एक फायदा: काचतंतूतून तेल वेगाने गेलं की स्थिर वीज साठते, जस्तविरहित तेलात तर जास्तच, कारण ते वीज वाहून नेत नाही. हाउसिंगमधून टिक-टिक ऐकू येते आणि एलिमेंटवर सुईच्या टोकाएवढी जळकी भोकं दिसतात. वेग कमी असला की तो प्रश्न सहसा उठत नाही.

प्रेशर लाइनला, प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या अगदी आधी, बायपास नसलेला फिल्टर, २१० बारचा फरक सहन करणारं एलिमेंट. हेही १० मायक्रॉनच, तीन नाही. त्याचं काम तेल स्वच्छ करणं नाही. पंप फुटला किंवा होज बदलताना काही आत राहिलं, तर ते व्हॉल्व्हपर्यंत जाऊ न देणं, एवढंच, दारावरचा रखवालदार. जास्त दाब सहन करणारी एलिमेंट महाग असतात आणि कचरा कमी धरतात. रोजची सफाई त्यांच्याकडून करून घेणं म्हणजे पैसे जाळणं.

रोजच्या सफाईला ऑफलाइन फिल्टर, म्हणजे टाकीतलं तेल वेगळ्या पंपाने फिरवून गाळणारा: छोटा गियर पंप, २० लिटर/मिनिट, ३ मायक्रॉन (सी) ला बीटा १०००. प्रवाह स्थिर, दाब कमी, प्रेस बंद असतानाही चालू. उत्पादनवाल्यांना हवा होता तो ३ मायक्रॉन इथे बसतोय.

२७ नोव्हेंबर

सक्शनची जाळी. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज लावला. थंड तेलावर ०.२५ बार ऋण, म्हणजे निरपेक्ष ०.७५. पंपाच्या कागदावर किमान ०.८ लिहिलंय. जाळी पंपाला वाचवण्यासाठी लावली आणि तीच त्याला उपाशी ठेवत होती. टाकीच्या आत असल्याने ती कधी भरली हे कुणाला दिसतही नाही. त्या ब्राँझच्या ठिपक्यांमागे हे कारण असू शकतं. ड्रेनच्या नमुन्यात लोखंड-तांबं दोन्ही किंचित जास्त आहेत, पण पंपाचा आवाज आणि ड्रेनचा प्रवाह ठीक आहे. पंप तूर्त राहील, दर महिन्याला ड्रेन मोजायचा.

टाकी रिकामी केली, पुसली. पुसायला सुती चिंध्या नाहीत, धागे न सोडणारं कापडच. तळाला बोटभर चिखल होता. जाळी काढली. सक्शनच्या बॉल व्हॉल्व्हला लिमिट स्विच लावला, बंद असेल तर मोटर सुरूच होणार नाही.

२ डिसेंबर

तेल भरलं. नव्या बॅरलचा नमुना आधी तपासला: २०/१८/१५. नवं तेल म्हणजे स्वच्छ तेल हा समज मोडायला एवढी एक चाचणी पुरते. आपलं लक्ष्य १८/१६/१३ आणि आपण बॅरल उघडून फनेलने चौपट कचऱ्याचं तेल ओतणार, तेही त्या उघड्या झाकणातून. आता टाकीला क्विक कपलिंग बसवलंय. भरायचं ते ऑफलाइन फिल्टरमधूनच, झाकण उघडायचं नाही.

ऑफलाइन पंपाने ६०० लिटर एकदा फिरायला अर्धा तास. पण एकदा फिरलं म्हणजे सगळं गाळलं गेलं असं होत नाही. गाळलेलं तेल न गाळलेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीनंतरही तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त तेल अजून फिल्टरपर्यंत पोचलेलंच नसतं. सात फेऱ्या, म्हणजे साडेतीन तास चालवलं तेव्हा ते प्रमाण हजारात एकावर येतं. सक्शन आणि परतीचा पाइप टाकीच्या विरुद्ध टोकांना नेले, नाहीतर तेच तेल गोल-गोल फिरत बसतं.

व्हॉल्व्हच्या जागी फ्लशिंग प्लेट (तेल सरळ पुढे जाऊ देणारी) टाकून पाइपही फिरवून घेतले, तेल गरम ठेवून, प्रवाह खळाळता राहील एवढा. मंद प्रवाहाने पाइपच्या भिंतीवरचं काही निघत नाही.

९ डिसेंबर

प्रेस चालू. नमुना १८/१६/१३. सकाळी थंड तेलावर रॅम वर जाताना रिटर्नचा फरक सव्वा बारच्या खाली, बायपास मिटलेला. इंडिकेटर जोडला, ३० अंशांच्या खाली तो गप्प राहतो.

१८ डिसेंबर

फिटर मंडळींबरोबर एलिमेंट बदलण्याची पद्धत ठरवली. भिंतीवर लावायच्या कागदासाठी:

मशीन बंद, अ‍ॅक्युम्युलेटरसकट (दाबाखाली तेल साठवणारं भांडं) दाब शून्य, गेजवर बघून. हाउसिंग बाहेरून पुसून मगच उघडणे. बाउलमधलं तेल परत टाकीत ओतायचं नाही, त्यातच सगळा गाळ असतो. एलिमेंटची पिशवी शेवटच्या क्षणी फाडणे. ओ-रिंगला त्याच तेलाचा हात. एलिमेंटवर मार्करने तारीख. काचतंतूचं एलिमेंट धुवायचं नाही, हवेने फुंकायचं नाही. धुता येतं ते फक्त तारेच्या जाळीचं. जुनं एलिमेंट कापून बघितल्याशिवाय टाकायचं नाही.

काकांचा प्रश्न रास्त होता: "मग बदलायचं कधी? सहा महिन्यांनी?" कॅलेंडर बघून नाही. दाबाचा फरक रोज त्याच तापमानाला, रॅम वर जाताना लिहायचा. एलिमेंट भरत असताना हा फरक बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम उभा चढतो. चढ सुरू झाला की हाती फार वेळ नसतो, म्हणून सुटं एलिमेंट स्टोअरमध्ये आधीपासून हवं. आणि फरक महिनोन्‌महिने हललाच नाही तर खूश व्हायचं नाही. एलिमेंट फाटलं असेल, बायपास अडकून उघडा राहिला असेल, किंवा आत एलिमेंटच नसेल. हे शेवटचं ऐकून सगळे हसले, पण मागच्या बाकावरून कुणीतरी "आमच्या आधीच्या कारखान्यात..." अशी सुरुवात केलीच.

१२ जानेवारी

नमुना १७/१५/१२. या काळात व्हॉल्व्ह एकदाही काढावा लागला नाही. प्रेशर लाइनच्या फिल्टरवर फरक जागचा हललेला नाही. इथे तो हलू नये हेच अपेक्षित, तरी एकदा उघडून खात्री केली. ऑफलाइनचं पहिलं एलिमेंट मात्र भरलं. टाकीत आणि पाइपांत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून येतोय, त्यामुळे पहिली एक-दोन एलिमेंट लवकर जाणं साहजिक. कापून पाहिलं: धूळ कमी, ब्राँझ नाहीच्या बरोबर.

ब्रीदरमधल्या सिलिका जेलचा रंग तळापासून बदलायला लागलाय. तळ म्हणजे टाकीकडून नव्हे, हवा आत शिरते ती बाजू. वरून बदलला असता तर टाकीतल्या तेलात पाणी शोधलं असतं.

दुसऱ्या प्रेसचं बघायला सांगितलंय. पंप तोच, बोअर तोच, रॉड १२५ मिमी. गुणोत्तर १.६४, रिटर्नला २४६ लिटर/मिनिट. हाउसिंगवर पाटी: १६० लिटर/मिनिट. इंडिकेटरची वायर तिथेही काढलेली. मोठं हाउसिंग, ब्रीदर आणि झाकणाचं गॅस्केट आजच ऑर्डरमध्ये टाकलं. सक्शनची जाळी टाकी उघडल्यावर बघू.